अकलूजची बाटली आणि सोलापूरची चादर

बरेच दिवस झाले इकडे काही लिहून. कारणं नेहमीचीच: घराचं काम, पोटाचं काम, आणि मध्ये एक लग्न. घराचे फोटो कधी दाखवणार म्हणून तिघाचौघांनी विचारलंय. ते दाखवीनच, पण आज आधी भांडून घेते. भांडण घरच्याच माणसांशी आहे, थोडं माझ्याशीही आहे. तेव्हा आत्या, तू हे वाचत असशील (दादा मोठ्यानं वाचून दाखवणार, मला माहितेय) तर आधी चहा घे, मग पुढे वाच.

झालं असं की दिवाळीच्या आधी माझ्याकडे एक काम आलं. चादरीचा टॅग, पिशवी आणि आत घालायचं एक छोटं पत्रक. रक्कम चांगली होती. तेव्हा आमच्या मधल्या खोलीचं माळवद उतरवलेलं, वर ताडपत्री, आणि स्लॅबवाल्याचा रोज फोन. म्हणजे काम नको म्हणायची माझी ऐपत नव्हती. पत्रकावर काय हवं तेही त्यांनी लिहूनच आणलं होतं: ‘अस्सल सोलापुरी’, मागे हातमागावर बसलेल्या आजोबांचं चित्र, आणि पिढ्यान्पिढ्यांचा वारसा वगैरे.

मी सवयीनं म्हटलं, माल दाखवा. कापड हातात घेतल्याशिवाय मला रंग सुचत नाहीत. त्यांनी एक चादर सोडून दाखवली. बोटांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, म्हणून कडेचा एक धागा ओढून काडीनं पेटवला. सुती धागा जळतो तो कागदासारखा, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे मऊ राख उरते. हा वितळला आणि त्याची काळी कडक गोळी झाली. मी विचारलं, कुठला माल? तर गृहस्थ अगदी निर्मळ चेहऱ्यानं म्हणाले, “माल बाहेरनं येतो की ओ ताई. पण विकायलोय सोलापुरातच ना, मग सोलापुरीच झाला की!”

मी काम केलं नाही. यात शौर्य काही नाही, त्या रात्री मी दोनदा उठून हिशोब केला आणि दोन्ही वेळा तो जुळला नाही.

घरात हे कळल्यावर जे झालं त्यासाठी हे सगळं लिहायला घेतलंय. आई गप्प बसली. काकांनी मला व्यवहार शिकवला. आणि आत्या म्हणाली, “तू काय करायलीस गं? तू चित्र काढून द्यायचं. माल खरा का खोटा ते बघायला तू काय इन्स्पेक्टर हैस? लोकांना काय कळतंय?”

लोकांना काय कळतंय! हे वाक्य डोक्यातून जाईना. कारण त्यानंतर दोनच आठवड्यांनी आम्ही सगळे मिळून अकलूजला गेलो होतो, वाइन बघायला.

हो, आम्ही. आत्यासकट. तिला आधी पंढरपूरला विठोबाचं दर्शन हवं होतं, दादाला वाइन टेस्टिंग करायचं होतं, आणि पंढरपूरहून अकलूज काही लांब नाही. म्हणून एका गाडीत दोन्ही कार्यक्रम बसवले. (वारकरी आणि वाइन एका फेरीत उरकणारं आमचंच घराणं.) अकलूजजवळ फ्रातेल्लीचे मळे आहेत. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. तीन घरांतले भाऊ एकत्र आले: इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाइन करायला टस्कनीहून पिएरो मासी आले. त्यांच्या एका तांबड्या वाइनचं नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात: सहा भाऊ आणि सातवा वाइन करणारा. मला हे फार आवडलं. करणाऱ्याला मोजलंय!

काकांची बाग होती एके काळी, नान्नजकडे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: सोलापूरजवळचं नान्नज म्हणजे साधं गाव नव्हे, ‘सोनाका’ ही लांबट मण्यांची द्राक्षाची जात तिथल्या नानासाहेब काळ्यांनी शोधून वाढवलेली. त्यामुळे काका मळ्यात शिरले ते पाहुणे म्हणून नव्हे, परीक्षक म्हणून. खरड छाटणी कधी करता, गोडी छाटणी कधी, घड किती ठेवता, पाणी कुठलं, खालची जमीन कसली. दाखवणारा पोरगा बिचारा घामाघूम. मग आत टेबलावर पेले मांडले. पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघायचा, पेला फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा. पोरगा म्हणाला, यात गुजबेरी जाणवते. आत्यानं, जी पीत नाही आणि जी लांब खुर्चीवर बसून वाती वळत होती, तिनं तिथूनच विचारलं, “म्हणजे रायआवळा का?” माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात नेमकं टेस्टिंग ते. आपल्याकडे करवंद आहे, जांभूळ आहे, चिंचेचा कोळ आहे, पहिल्या पावसात भिजलेली पांढरी माती आहे, पण पेला हातात आला की आपण न खाल्लेल्या फळांची नावं घेतो. असो, तो वेगळा विषय.

मुद्दा हा, की निघताना काकांनी दोन बाटल्या घेतल्या आणि घेण्याआधी चष्मा लावून बाटलीवरचं सगळं लेबल वाचलं. कुठला मळा, कुठली द्राक्षं, कुठलं वर्ष, कुठल्या गावात भरली. आणि समाधानानं म्हणाले, “आपल्या जिल्ह्यातली आहे हो, उगीच बाहेरची नाही.”

याच काकांनी मागच्या वर्षी ताईच्या लग्नात आहेर म्हणून दीडशे चादरी वाटल्या. तेव्हा चष्मा खिशातच होता. त्यातली एक माझ्याही वाट्याला आली, आणि हो, तिचाही धागा मी आता पेटवून बघितला. गोळी झाली.

आता तुम्ही म्हणाल, द्राक्षाला जमीन लागते, हवा लागते, त्यामुळे गाव महत्त्वाचं. चादर काय, माग कुठेही लावला की निघते. हे मला एका शिकलेल्या मित्रानंच ऐकवलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सोलापुरी चादर म्हणजे जाड सुती कापडावर फुलं छापलेली नव्हेत. ती फुलं विणलेली असतात, आणि तीही अशी की पुढे पांढऱ्यावर लाल मोर असेल तर मागे लालवर पांढरा मोर. दोन थर एकाच वेळी विणत जायचे, आणि जिथे नक्षी हवी तिथे वरचा धागा खाली, खालचा वर. हे करतं ते मागावर बसवलेलं जॅकार्ड. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढतात, एक चौकोन म्हणजे एक धागा. मग त्या कागदावरून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक खेप. भोक असेल तिथे आकडा उभा धागा उचलतो, नसेल तिथे नाही. अशा पट्ट्या एकमेकींना शिवून माळ करायची आणि ती मागावर फिरत ठेवायची. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समधल्या जॅकार्डनं ही युक्ती पक्की केली. पुढे कॉम्प्युटरला कार्डं भरवायचे ती कल्पना याच कुळातली, हे आमच्या अशोक चौकातल्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, मग पगार कॉम्प्युटरवाल्यांचा द्या.

आणि ही विद्या इथे हवेतून आलेली नाही. सोलापुरात एकोणिसाव्या शतकात गिरण्या निघाल्या. पण चादर जगवली ती त्या मोठ्या भोंग्यांनी नव्हे, तेलंगणातून येऊन पेठांत स्थिरावलेल्या पद्मशाली विणकरांनी, घराघरातल्या मागांनी. गिरण्या बंद पडल्या, माग राहिले. पुरुष मागावर, बाई विड्या वळायला, आणि घरात तेलुगू-मराठी-कन्नडची मिसळ. नक्षी काढणारा, कार्डं ठोकणारा, सूत रंगवणारा, मागाचा सुटा भाग रात्री अकराला मिळवून देणारा मिस्त्री, हे सगळे एकमेकांपासून सायकलच्या अंतरावर असणं यालाच मी जमीन आणि हवा म्हणते. द्राक्षाला लागते तेवढीच ती चादरीलाही लागते.

हे कायद्यालाही पटलेलं आहे बरं का. भौगोलिक निर्देशनांचा कायदा १९९९ चा, अमलात आला २००३ मध्ये. ज्याला आपण जीआय म्हणतो तो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल ही या कायद्याखाली देशात अगदी सुरुवातीला नोंदलेल्या नावांपैकी. महाराष्ट्रातलं पहिलं नाव चादरीचंच. पुढे सोलापूरच्या डाळिंबालाही मिळालं, नाशिकच्या वाइनलाही मिळालं. आणि खोटं नाव लावून विकणाऱ्याला या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. म्हणजे आत्या, इन्स्पेक्टर व्हायचं सोड, मी ते चित्र काढलं असतं तर इन्स्पेक्टरनं उद्या माझ्याकडेही येऊन विचारलं असतं.

पण कोणी येत नाही विचारायला. नावासाठी भांडणारे लोक कसे असतात ते फ्रान्सात बघावं. १९९३ मध्ये ईव्ह सां लोराँनं एका अत्तराला ‘शॅम्पेन’ नाव दिलं, तर शॅम्पेन प्रांतातले वाइनवाले कोर्टात गेले आणि जिंकले. अत्तर! त्याचा द्राक्षाशी संबंध नाही, कोणी ते चुकून पिणारही नाही. तरी ते म्हणाले, नाव आमचं आहे, आमच्या मातीनं आणि मेहनतीनं मिळवलेलं आहे, तुम्ही फुकट वापरायचं नाही. आणि इथे आपण! आपल्याच पेठेत, आपल्याच दुकानात, आपल्याच लग्नात, आपणच दुसरीकडची चादर सोलापुरी म्हणून एकमेकांना वाटतो, वर नारळ ठेवतो.

माझ्यावर येणारे आक्षेप मला पाठ झालेत. पहिला: गिऱ्हाइकाला स्वस्तच हवं. हवं ना, घ्या की. पॉलिएस्टरची चादर वाईट नसते. लवकर वाळते, रंग जात नाही, आणि चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या आमच्या गावात हलकी चादर धुवायला बरी हे मी स्वतः सांगते. मग तिला चादर म्हणा. तिला तिच्या गावाचं नाव द्या. स्वस्त माल स्वस्त म्हणून विकायला कोणाची ना नाही. चाळीस रुपये जास्त मिळावेत म्हणून सोलापूरचं नाव चिकटवायचं आणि मग म्हणायचं की गिऱ्हाइकाला नावाशी देणंघेणं नाही, यातलं एकच काहीतरी खरं असू शकतं.

दुसरा आक्षेप जरा अवघड आहे. बाहेरगावचा विणकरही गरीबच, त्याच्या पोटावर का पाय देतेस? देत नाही. पण त्याचंही नाव तर पुसलंच जातं ना! तो विणतो आणि श्रेय सोलापूरला. सोलापूरवाला विणत नाही आणि त्याचं नाव विकलं जातं. मधला फायदा दोघांनाही नाही.

तिसरा आक्षेप एका जुन्या मागवाल्या काकांनीच घेतला, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ते म्हणाले, “टॅग खरा लावला म्हणून मजुरी वाढतीय का?” नाही वाढत, हे मला मान्य आहे. जीआयचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगून कोणाचा माग चालत नाही. आमच्याकडे चादर कमी होत गेली आणि टॉवेल वाढत गेला, तो बाजारामुळे. आणि तो टॉवेल कोण कसल्या जागेत विणतं हे आपण शहर म्हणून कधी बघितलं? १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. चार दिवस सगळं गाव हळहळलं. मीही. मग पुन्हा टॉवेल म्हणजे डझनाचा भाव. खरा टॅग हे सगळं सुधारेल असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतेय की खोटा टॅग हे सगळं झाकतो. हातमागावरचे हसरे आजोबा काढले की यंत्रमागावर बारा तास उभा असलेला माणूस दिसायचा बंद होतो.

आणि इथे माझी पाळी येते. कारण ते हसरे आजोबा बाजारात आणणाऱ्यांत मीही आहे.

२०१६ मध्ये, नुकतीच स्वतंत्र काम करायला लागले होते तेव्हा, मी एका दुकानासाठी असाच टॅग केला होता. हातमाग, आजोबा, मागे सूर्य. माल बघायला मागितला नाही. दुकानात विकलं जातं ते हातमागाचं नसून यंत्रमागाचं आहे हे मला दिसत होतं (सोलापुरात वाढलेल्या मुलीला मागाच्या आवाजातला फरक कळतो), पण यंत्रमाग चित्रात सुंदर दिसत नाही. मला ‘वारसा’ दिसायला हवा होता. त्या टॅगचा फोटो मी माझ्या कामांत वर्षानुवर्षं पहिला ठेवला होता. कौतुकही झालं. तेव्हा इतरांवर चिडताना हेही सांगून टाकलेलं बरं. आम्ही डिझाइनवाले कापडाच्या जगातले सगळ्यात गोड खोटारडे असतो. खडबडीत कागद, मातकट रंग, थोडी वाकडी अक्षरं, झाला माल ‘पारंपरिक’. वाइनवालेही करत असतील, नाही कशाला म्हणू. पण त्यांना निदान बाटलीवर गाव लिहावं लागतं आणि गिऱ्हाईक चष्मा लावून ते वाचतं.

घराबद्दल थोडं. मधल्या खोलीवर शेवटी स्लॅब पडला. माळवद वाचवावं असं फार वाटत होतं, पण तुळया वाळवीनं खाल्ल्या होत्या आणि दर पावसाळ्यात पांढरी माती टाकायला आता माणूसही मिळत नाही. दोन तुळया बऱ्या निघाल्या, त्यांचा बाक केला. खालची शहाबादी फरशी मात्र मी काढू दिली नाही. मिस्त्री रोज म्हणायचा, “ताई, व्हिट्रिफाइड टाका की, चकाचक.” घासून घेतली, इतकी सुंदर काळीनिळी निघाली की तोच मिस्त्री आता फोटो काढून दुसऱ्यांना दाखवतो.

आणि भंगारातून जॅकार्डच्या कार्डांची एक लांब माळ मिळाली, ती मी दिवाणखाना आणि स्वयंपाकघराच्या मध्ये पडद्यासारखी टांगली. भोकांतून संध्याकाळचा उजेड फरशीवर पडतो. येणारा प्रत्येक जण वा म्हणतो. वर सांगितलेले मागवाले काका आले तेव्हा वा म्हणाले नाहीत. जवळ गेले, चष्मा वर केला, बोट लावत एकेक पट्टी बघत खाली आले आणि म्हणाले, “उलटी टांगलीस. गुलाबाचा देठ वर आलाय.” मला त्यात गुलाब दिसतच नव्हता! मी फक्त भोकं टांगली होती. मग आम्ही दोघांनी स्टुलावर चढून ती माळ सुलटी केली. त्यांनी हे डिझाइन कोणत्या मापाचं, कडेला पट्टा कसा यायचा, कुठल्या रंगात जास्त खपायचं ते सांगितलं. कार्डं कोणी ठोकली असतील तेही अंदाजानं सांगितलं, भोकांच्या कडांवरून. मी वहीत लिहून घेतलं. हे सगळं कुठल्या टॅगवर मावतं?

तर आत्या, राग नको. पुढच्या महिन्यात घरभरणीला तुला चादर देणार आहे, बिल आणि विणणाऱ्याचं नाव दोन्हीसकट. धागा पेटवून बघायची परवानगी आहे.

ते परत पाठवलेलं काम अर्थातच दुसऱ्या कोणीतरी केलं. परवा नवी पेठेत एका दुकानाबाहेर ढीग लावला होता, त्यावरचे टॅग उलटून बघितले. ‘अस्सल सोलापुरी’. हातमाग, आजोबा, मागे सूर्य. आजोबांचा डावा हात जरा मोठा आहे. २०१६ ला माझ्याकडूनच तो मोठा निघाला होता. ज्यानं गिरवलंय त्यानंही तो तसाच ठेवलाय.